पंधरापर्यंत मोजताना

देवाकडे यापुढे काही मागायचं नाही, असं मी ठरवलं त्याला वर्ष होत आलं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. सोळा सोमवार झाले, आईने नाशिकहून पाठवलेले अंगारे झाले, न्यू जर्सीतले डॉक्टर झाले. भांडण असं काही केलं नाही. बोलणंच सोडलं.

साल चौऱ्याऐंशी असेल. हिवाळ्यातल्या एका रविवारी यजमान मला जर्सी सिटीहून न्यूयॉर्कच्या एका म्युझियममध्ये घेऊन गेले. स्पेनमधल्या कुठल्याशा खेड्यातलं आठशे वर्षांपूर्वीचं चर्च, दगडांवर आकडे घालून, बोटीने आणून तिथे पुन्हा रचलेलं होतं. ह्यांना अशा गोष्टींची फार हौस. आत गारवा होता, उजेड बेताचा. समोरची गोलाकार भिंत छतापर्यंत रंगवलेली होती. गेरूचा लाल, राखाडी निळा. कुठे कुठे गिलावा पडून पांढरे डाग उरलेले. मधोमध मोठ्या डोळ्यांची मेरी बसली होती आणि तिच्या मांडीवर बाळ होतं. ते दिसताच मी दारातूनच मागे वळले.

“अहो, मी बाहेर बसते.”

“अगं, एवढ्या लांब आलोय. दोन मिनिटं बघ तरी.”

“मला कुणाच्याच देवाचं काही बघायचं नाहीये,” मी म्हटलं. तुटकपणे म्हटलं. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग मान वर करून चित्राकडे, आणि उभ्या उभ्या कोसळले. चष्मा दगडी फरशीवर पडल्याचा आवाज अजून माझ्या कानांत आहे.

खरं तेच लिहायला हवं. मी ओरडले नाही, धावले नाही. नुसती उभी राहिले. बाकावर एक वयस्क अमेरिकन बाई एकटीच बसली होती, तीच धावत आली. हिरवा कोट भिरकावून ती ह्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसली, गार्डला अॅम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं आणि दोन्ही हातांनी ह्यांची छाती दाबू लागली. मान न वळवता मला म्हणाली, “बायको ना तू? इथे बस. मोठ्याने मोज. पंधरा झाले की मी श्वास देणार, मग पुन्हा एकपासून. थांबू नकोस.”

मी मोजू लागले. आधी इंग्रजीत, आणि कधी कोण जाणे, मराठीत. एक, दोन, तीन. तिला कळत नव्हतं, पण मी थांबले की पंधरा झाले हे तिने ओळखलं. ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहवेना म्हणून नजर वर गेली, तर ती भिंतीवरची आई सरळ माझ्याकडे बघत होती. तिच्याकडे मी काही मागितलं नाही. माझ्या देवाचंही नाव तोंडात आलं नाही. फक्त आकडे येत होते. पण इतक्या जिवाच्या आकांताने मी आयुष्यात कुणाला हाक मारलेली नाही.

अॅम्ब्युलन्सवाल्यांनी तिथेच, फरशीवर, विजेचा झटका दिला. ह्यांचं अंग उडालं. दुसऱ्या झटक्यानंतर त्यांच्यातला एकजण म्हणाला, “पल्स आहे.”

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात ह्यांनी डोळे उघडले आणि चष्मा कुठाय म्हणून विचारलं. त्याच संध्याकाळी ती बाई चौकशी करत आली. रूथ तिचं नाव. शाळेची बस चालवून रिटायर झालेली. मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, “देवानेच तुम्हाला पाठवलं.”

तिने हात हळूच सोडवून घेतले. “तसं म्हणू नकोस,” ती म्हणाली. “माझा नवरा आमच्या स्वयंपाकघरात असाच पडला. तू उभी होतीस ना, तशीच मी उभी होते. मला काहीच येत नव्हतं. हे सगळं मी नंतर शिकले. मग माझ्याकडे देवाने कुणाला का नाही पाठवलं?”

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. त्या चर्चमध्ये बसला नव्हता इतका धक्का मला त्या खोलीत बसला. आमच्यावर कृपा झाली हे मी एव्हाना चार जणांना फोनवर सांगूनही टाकलं होतं. ती ज्यांच्या वाट्याला आली नाही त्यांचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. मी विचारलं, “त्यांचं नाव काय होतं?”

“वॉल्टर,” ती म्हणाली. मग बसली, आणि भेटीची वेळ संपेपर्यंत त्याच्याबद्दल बोलत राहिली. तो अंडी नेहमी करपवायचा, हेही तिने सांगितलं.

देवाला शरण जायचं तर आधी मनातले प्रश्न मिटायला हवेत, असं मला वाटायचं. माझे मिटले नाहीत. रूथचाही मिटला नसणार. प्रश्न आहे तिथेच राहू देऊनही वाकता येतं, एवढं तिच्यामुळे मला कळलं. जे मिळालं ते माझ्या पुण्याईचं नव्हतं; ते फक्त मिळालं. आता रोज हात जोडते तेव्हा पहिलं नाव वॉल्टरचं घेते. ह्यांचं त्यानंतर.