दर बुधवारी प्रलय

आमचे हे लिफ्ट तपासनीस आहेत. शहरातल्या दोनशे-अडीचशे इमारतींच्या लिफ्ट त्यांच्याकडे आहेत आणि एकतीस वर्षांत त्यांनी सही केलेली एकही लिफ्ट पडलेली नाही. हे मी अभिमानाने सांगतेय असं वाटत असेल तर थांबा, आधी असल्या माणसाबरोबर संसार करून बघा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ह्यांचं तोंड कधी पोळलेलंच नाही, तरी हे पाणीसुद्धा फुंकून पितात. माळ्यावरचा डबा काढायचा तर स्टूल आधी हलवून बघायचं, मग उलटं करून बघायचं, मग मला ते धरून उभं करायचं. कुठे पूल खचला अशी बातमी लागली की सगळं जग हळहळतं आणि आमच्या घरातून पहिला प्रश्न येतो, "सही कोणाची होती?"

लग्नाला दोन महिने झाले असताना आम्ही सिनेमाला गेलो होतो. सिनेमात भूकंप आला, चाळीस मजली इमारत मधोमध दुभंगली आणि नायकाची बहीण लिफ्टमध्ये अडकून लिफ्टसकट खाली गेली. सगळं थिएटर नाकं ओढत होतं, मीही ओढत होते. आणि माझ्या शेजारी हा माणूस पोट धरून हसत होता. अख्खी रांग हलत होती. पुढच्या बाईने वळून मला विचारलं, "ह्यांना बरं नाहीये का?" मध्यंतराच्या आधीच आम्हाला हात धरून बाहेर काढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर मी त्यांच्याकडून वचन घेतलं की असले धडाधड कोसळणारे सिनेमे पुन्हा बघायचे नाहीत. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते, मला काही आवडनिवड आहे. त्यांनी मान खाली घालून वचन दिलं आणि ते त्यांनी सव्वीस वर्षं पाळलं, असं मी धरून चालले होते.

माझी आई एका नऊ मजली इमारतीत सातव्या मजल्यावर एकटी राहते. तिचं वय चौऱ्याहत्तर आणि गुडघे तिच्याहून दहा वर्षांनी मोठे. ह्यांना बुधवारी सुट्टी असते आणि मला शाळा. तर दर बुधवारी हे न चुकता आईकडे जायचे. "आईंना औषधं द्यायची असतात, चार गोष्टी बोलतो, तेवढंच त्यांना बरं वाटतं," म्हणायचे. मी शाळेत, नात्यात, शेजारीपाजारी सगळीकडे सांगत सुटायचे, की जावई असावा तर असा. चार-पाच बायकांनी आपापल्या नवऱ्यांना ह्यांचं उदाहरण दिलं, त्या नवऱ्यांनी ह्यांच्याशी बोलणं सोडलं.

दोन महिन्यांपूर्वी आईने तक्रार केली की लिफ्ट वर जाताना खरखरते. म्हणून एका बुधवारी हे सुट्टी असूनही हत्यारांची पिशवी घेऊन गेले. लिफ्टचे तारेचे दोर तपासायची त्यांची एक जुनी रीत आहे. लिफ्ट अगदी हळू चालवून दोराभोवती सुती कापड धरायचं. दोरातली एखादी बारीक तार तुटलेली असली की ती कापडाला धरते. त्या दिवशी कापडाच्या चिंध्या झाल्या. ह्यांनी अहवाल लिहिला, मेन स्विच बंद करून सील लावलं आणि नवीन दोर बसेपर्यंत लिफ्ट बंद, अशी नोटीस चिकटवली.

इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे एक नग आहे. स्वतः पहिल्या मजल्यावर राहतात, पण लिफ्ट बंद केली म्हणजे त्यांच्या राज्यावरच घाला. "ज्यांची सासू सातव्या मजल्यावर, त्यांनीच लिफ्ट बंद केली, काय माणूस आहे," असं ते जिन्यात भेटेल त्याला ऐकवत होते. ते मलाही पटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

पंधरा दिवसांनी शनिवारी मी आईकडे गेले तर खाली सूचना फलकापाशी ही गर्दी. माणसं एकमेकांच्या खांद्याला धरून हसत होती. फलकावर एका तपासणी अहवालाची प्रत लावली होती. छापील फॉर्म, ह्यांचं टपोरं अक्षर. मी चष्मा लावून वाचलं.

"इमारत: बेचाळीस मजले, सध्या पाच. लिफ्टची स्थिती: शाफ्टच्या तळाशी, उलटी. तारेचा दोर: नायकाच्या दातांत. प्रवासी: नायक, नायकाची घटस्फोटित पत्नी, एक कुत्रा. क्षमतेपेक्षा जास्त भार: नाही, परंतु पत्नी फार बोलते. सुरक्षा ब्रेक: कधी बसवलाच नव्हता असे दिसते. इतर निरीक्षण: लाव्हा चौथ्या मजल्यापर्यंत. शेरा: वापरास अयोग्य. कुत्रा सुखरूप."

खाली ह्यांची सही. आणि त्यांची सही मी झोपेतही ओळखेन.

मी सात मजले एका दमात चढले. राग आला की माझे गुडघे मस्त चालतात. आईने दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "कळलं वाटतं." लाज, शरम काही नाही. आतून तिने जुना बिस्किटांचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. डब्यात ह्यांच्या ऑफिसचे बाद झालेले जुने फॉर्म होते, एकूण त्रेचाळीस, सगळे भरलेले. बुडालेली जहाजं, फुटलेली धरणं, गोठलेली शहरं, एक उल्का. बऱ्याच फॉर्मांवर आईचं अक्षर होतं.

"आई, तू पण?"

"मी पण काय, मीच सुरुवात केली. तुझे बाबा गेले त्यानंतर हे पहिल्या बुधवारी आले. काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना, म्हणून मी टीव्ही लावला. त्यात एक बोट बुडत होती. हे हसू दाबत होते, पार लाल झाले होते. म्हटलं, हसा जावईबुवा, मला ऐकू कमीच येतं. मग मलाच हसू फुटलं. बाबा गेल्यावर पहिल्यांदा हसले मी."

"पण फॉर्म कशाला?" मी विचारलं.

"मला कळायला नको, काय कशामुळे तुटतं ते? हे सांगतात, मी लिहिते. लिफ्ट बंद केली त्या दिवशी जुने फॉर्म संपले, म्हणून त्यांनी नव्यातला एक घेतला." मग ती जरा खाली बघत म्हणाली, "आणि मीच घाई केली. म्हटलं, ते लिफ्टचं पाकीट नंतर भरा, ज्वालामुखी सुरू झाला."

म्हणजे खरा अहवाल आणि हा ज्वालामुखीचा अहवाल, तारीख एकच, टेबल एकच, पाकीटही एकच. खऱ्याची प्रत सोसायटीला जाते, तिच्याबरोबर हाही गेला. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं सेक्रेटरींचं झालं. त्यांनी ह्यांच्या ऑफिसातल्या वरच्या साहेबांकडे लेखी तक्रार केली: ह्या तपासनिसाच्या डोक्यात सिनेमा भरलेला आहे, त्यांचा आदेश रद्द करावा, लिफ्ट चालू करावी आणि त्यांनी आजवर केलेल्या सगळ्या सह्या पुन्हा तपासाव्यात.

ते शेवटचं वाक्य ह्यांना लागलं. घरी मी भांडायची पूर्ण तयारी करून बसले होते, सव्वीस वर्षांच्या वचनाचं भांडण होतं, साधंसुधं नाही. पण हे आले, बूट काढले आणि तसेच स्टूलवर बसले. न हलवता. ते बघून माझा अर्धा राग तिथेच गेला.

"अहो, चूक झाली म्हणा आणि मोकळे व्हा," मी म्हटलं.

"चूक कबूल करायचं काही नाही गं. पण उद्या साहेबांनी तो आदेश रद्द केला तर लोक त्या लिफ्टमध्ये बसतील. आई बसतील."

साहेबांनी चौकशी इमारतीच्या पार्किंगमध्येच ठेवली. सकाळी अकराला साहेब, सेक्रेटरी, हे, मी आणि निम्मी इमारत खाली जमली. साहेब गंभीर माणूस, चेहरा इस्त्री केलेला. सेक्रेटरींनी तो अहवाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. "लाव्हा चौथ्या मजल्यापर्यंत" ह्या वाक्याला चौथ्या मजल्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे मान खाली घालून उभे होते, त्या थिएटरातून बाहेर काढलं होतं तेव्हा उभे होते तसेच.

"हे तुम्ही लिहिलंत?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब. सिनेमा बघताना."

"का?"

हे म्हणाले, "साहेब, एकतीस वर्षं सह्या करतोय. जोराचा वारा सुटला, वीज गेली, कुठे काही आपटलं, की मी मनात मोजतो, इथे आपली सही आहे का. सिनेमात चाळीस मजले पडतात आणि माझी सही कुठेच नसते. एवढं हलकं वाटतं की हसूच येतं."

"पण ह्याच्यावर तर तुमची सही आहे."

"सवयीने झाली साहेब."

लोक पुन्हा हसले. मी नाही हसले. मला एकदम ती थिएटरातली हलणारी रांग आठवली आणि माझीच मला लाज वाटली. सव्वीस वर्षं मी ह्या माणसाला स्टूल आणि पाण्यावरून टोमणे मारत होते, पण तो कशाचं ओझं घेऊन फिरतो हे कधी विचारलं नव्हतं.

सेक्रेटरी आता रंगात आले. "साहेब, लिफ्टला काहीही झालेलं नाही. मी सकाळीच सील काढून चालू केली आहे. झकास चालते. ह्यांच्या सासूबाईंनाच मी लिफ्टने खाली बोलावलंय, हातच्या कांकणाला आरसा कशाला? ह्यांच्या घरचीच साक्ष."

हे लिफ्टकडे धावले, पण दारावरचे आकडे उतरायलाही लागले होते. सात, सहा, पाच. ह्यांनी दोन्ही हात दारावर ठेवले होते. मी माझ्या पदराचं टोक तोंडात धरलं होतं, हे मला नंतर कळलं. तीन, दोन. लिफ्ट खाली आली, दार उघडलं.

आत कोणी नव्हतं.

"म्हातारी कुठंय?" सेक्रेटरी म्हणाले.

तेवढ्यात वरून जिन्यातून आवाज आला. टक. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टक. आई स्टूल घेऊन जिना उतरत होती. चार पायऱ्या उतरायची, स्टूल टेकवायची, बसायची, पुन्हा उठायची. हे धावत वर गेले. साहेबांनी घड्याळ बघितलं, पण कोणाला काही म्हणाले नाहीत. पस्तीस मिनिटांनी ती दोघं खाली आली, आईचा एक हात ह्यांच्या खांद्यावर आणि स्टूल ह्यांच्या दुसऱ्या हातात.

"आजी, लिफ्ट चालू होती ना?" साहेबांनी विचारलं.

"होती. ह्यांनीच बटण दाबून पाठवली होती माझ्यासाठी," आईने सेक्रेटरींकडे बोट केलं. "मी ती रिकामीच खाली पाठवली."

"मग बसला का नाहीत?"

"जावयांनी बंद म्हटलंय." एवढं बोलून ती स्टूलवर बसली आणि गुडघे चोळायला लागली.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. मग सेक्रेटरींपुढे हात केला. "तुमचा रुमाल द्या. सुती आहे ना? चला, वर मशीनरूममध्ये जाऊन दोर बघू."

सेक्रेटरी सवयीने लिफ्टकडे वळले. साहेबही दोन पावलं तिकडे गेले, मग थांबले, आईकडे एकदा बघितलं आणि मुकाट्याने जिन्याकडे निघाले. हे त्यांच्यामागे गेले, मग सेक्रेटरींनाही जावंच लागलं. पहिल्या मजल्याच्या वर सेक्रेटरी गेल्या कित्येक वर्षांत पायी गेले नसावेत. अर्ध्या तासाने तिघं खाली आले. साहेबांच्या हातात रुमाल होता, म्हणजे रुमालाचं जे काही उरलं होतं ते. त्यांनी तो सेक्रेटरींना नीट घडी करून परत दिला आणि म्हणाले, "आदेश कायम. सील तोडल्याचा खुलासा सोमवारी द्या." जाताना ह्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "लाव्हा चौथ्या मजल्यापर्यंत, मग कुत्रा वाचला कसा?"

"साहेब, तो आधीच जिन्याने उतरला होता," हे म्हणाले.

तीन आठवड्यांनी नवीन दोर बसले. बुधवार होता, मी शाळेतून रजा घेतली होती. ह्यांनी कापड फिरवलं, ते अखंड बाहेर आलं. फॉर्म भरला, सही केली. आई तोवर खालीच होती, सकाळी जिन्याने उतरून आली होती, कारण पहिली फेरी मीच मारणार असा तिचा हट्ट होता.

"सही केलीत?" तिने विचारलं.

"केली आई."

ती आत गेली आणि तिने सात दाबलं. दार लागलं. हे तिथेच उभे राहिले, दारावरच्या आकड्यांकडे बघत. एक, दोन, तीन. त्यांचा श्वास अडकलेला मला दिसत होता. मी जाऊन त्यांचा हात धरला. सातवर आकडा थांबला, तरी ते हलेनात. मग त्यांच्या खिशातला फोन वाजला. आईला ऐकू कमी येतं म्हणून ती मोठ्यानेच बोलते, मला स्वच्छ ऐकू आलं.

"पोचले मी. या लवकर, आणि तिलाही घेऊन या. धरणाला तडा गेलाय."

ह्यांनी श्वास सोडला. आम्ही दोघं लिफ्टमध्ये शिरलो आणि तिसऱ्या मजल्यापासून ते हसायला लागले.