देठ काढलेला मेंदू

सांगू की नको असं होतंय, पण चहा आहे तोवर सांगून टाकतो. हसायचं असेल तर हसा, घरात सगळे हसूनच बसलेत.

माझी नात प्रिया आमच्याकडं मुकुंदवाडीला राहून नर्सिंग शिकते. परवाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी तिची तोंडी परीक्षा, आणि मेंदूच्या धड्यावर पोरगी रडकुंडीला आलेली. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, मी काय शिकवणार? तरी जवळ जाऊन बसलो.

"आबा, मोठ्या मेंदूच्या खाली, मागच्या अंगाला छोटा मेंदू असतो. तो तोल सांभाळतो. त्याच्या पुढं मेंदूचा देठ, तो खाली मणक्यात उतरतो. श्वास, काळजाचे ठोके, गिळणं, सगळं त्या देठावर. पण कोण कुठं चिकटलंय तेच डोक्यात बसत नाय. एकदा खरा बघायला मिळाला असता तर..."

एवढंच ना? मी पिशवी उचलली आणि शहागंज गाठलं.

खाटीक ओळखीचा. बकऱ्याचा भेजा काढून म्हणाला, "चचा, साफ करके दूँ? ये पीछे का गोला, नीचे की डंडी, कोई खाता नहीं."

आता तुम्हीच सांगा, पोरीच्या परीक्षेची वस्तू. तिच्या हातात घाण कशी द्यायची?

"काढा की," मी म्हणालो. "एकदम साफ पाहिजे."

वरून दोनदा धुवायलाही लावला.

घरी येऊन भेजा ताटलीत ठेवला. प्रियाचा चेहरा फुलला. तिनं तो उलटा केला, सुलटा केला, परत उलटा केला.

"आबा, छोटा मेंदू कुठंय?"

"असंल की मागं."

"मागं काय नाय. आणि देठ?"

"काढला."

"कुणी?"

"मीच सांगितलं. चांगला दिसावा म्हणून."

आल्या पावली परत गेलो. ते तुकडे दुकानामागच्या मांजरांनी कधीच संपवले होते. हात हलवत घरी आलो तर प्रिया डोळे पुसत होती. माझं तोंड बघून तिलाच माझी दया आली असावी.

"जाऊ द्या आबा. उभे राहा. आता तुम्हीच मेंदू."

तिनं माझ्या मानेच्या वर बोट टेकवलं. "हा छोटा मेंदू. ह्याच्या पुढं देठ." मग म्हणाली, "आता पावलाला पाऊल लावून सरळ चाला."

दोन पावलं बरी पडली. तिसऱ्याला झुकलो तो थेट बायकोच्या अंगावर.

"आवं," ती मला सावरत म्हणाली, "खाटकानं तुमचाबी काढून घेतला का?"

प्रियानं मात्र मला संध्याकाळभर चालवलं.

दुसऱ्या दिवशी पोरगी हसतच घरी आली. परीक्षेत बाईंनी विचारलं होतं, छोटा मेंदू बिघडला तर माणूस कसा चालतो? हिनं बोलायच्या ऐवजी चालूनच दाखवलं. बाई खूश. म्हणाल्या, "एवढं बारीक कुठं बघितलंस गं? दवाखान्यात?"

"नाही मॅडम," प्रिया म्हणाली, "घरीच. आमचे आबा तसेच चालतात."