माझाच लेख मला कळेना

डॉक्टरांनी मला खुर्चीवर चढून पाठमोरं, गुडघे टेकून बसायला सांगितलं. पावलं खुर्चीबाहेर लोंबत होती. त्यांनी रबरी हातोडीने माझ्या टाचेच्या वरच्या शिरेवर हलकेच ठोकलं. पाऊल उडालं आणि मग सावकाश, कंटाळा आल्यासारखं जागेवर आलं. दुसऱ्या पायाचंही तेच. डॉक्टरांनी बाहेरच्या चार विद्यार्थ्यांना हाक मारली आणि माझं पाऊल पुन्हा एकदा उडवून दाखवलं.

"बघा, सोडतंय किती हळू," ते त्यांना म्हणाले. मग मला म्हणाले, "रक्त तपासूच, पण मला शंका नाही. हायपोथायरॉइडिझम."

गळ्याच्या पुढच्या बाजूला थायरॉइड नावाची लहानशी ग्रंथी असते. शरीराचा वेग ठरवणारा रस ती तयार करते. तो कमी पडला की सगळंच मंदावतं. हृदय, आतडी, कातडी, आवाज. आणि मेंदू. त्या आजाराला हे लांबलचक नाव आहे.

"उपाय?" माझ्या बायकोने, सुमनने, विचारलं.

"गोळी. रोज सकाळी उपाशीपोटी एक. जन्मभर."

सुमन रडायला लागली. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका गोळीचं दुखणं, आणि अडीच वर्षं लोकांनी मला आळशी ठरवलं, वेडा ठरवलं, संपलेला ठरवलं! मी डॉक्टरांना एवढंच विचारलं, "माझं डोकं परत येईल का?"

"शरीर येईल. डोक्याचं किती येईल, ते मी आज सांगणार नाही," ते म्हणाले. खोटा धीर न देणारा हा पहिला डॉक्टर मला भेटला होता.

तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमच्या घरातलं कुणी, आज दवाखान्याच्या एखाद्या बाकावर बसलं असेल. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. रागाने लिहितो आहे, गोड करून सांगायला मला जमणार नाही.

मी गणितात संशोधन करतो. माझं गाव आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूर तालुक्यात. आमची बौद्धवस्ती गावाच्या खालच्या अंगाला. शाळा पोलादपूरला, मग महाडचं वसतिगृह आणि कॉलेज, मग शिष्यवृत्तीवर मुंबई. तिथल्या एका संशोधन संस्थेत मला जागा मिळाली. वस्तीतून बाहेर पडून एवढं शिकलेला मी पहिला, त्यामुळे माझ्या डोक्यावर माझ्या एकट्याचा हक्क कधीच नव्हता.

गणितज्ञ म्हणजे मोठमोठे गुणाकार तोंडी करणारा माणूस, असं सगळ्यांना वाटतं. गुणाकाराशी आमचा फारसा संबंध नसतो. एखादी गोष्ट खरी आहे हे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत शंकेला जागा न ठेवता दाखवायचं, हे आमचं काम. पावसाळ्याआधी आपण घर शाकारतो, तेव्हा वळचणीपासून आढ्यापर्यंत प्रत्येक कौल खालच्या कौलावर नीट बसलंय का ते पाहावं लागतं. तसंच ते आहे, फक्त सगळं छप्पर एकदम डोक्यात धरून ठेवायचं असतं. मला ते धरता यायचं. त्याच बळावर माझा एक लेख परदेशातल्या मासिकात छापून आला होता. अकरा पानांचा.

आजार सुरू झाला तो थंडीने. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. मे महिन्यात गावी आलो होतो, लोक उघड्या अंगाने ओटीवर लोळत होते आणि मी शाल पांघरून बसलो होतो. मग झोप. कितीही झोपलो तरी डोळ्यांवर झापड. आवाज घोगरा झाला. चेहरा भरला, वजन वाढलं. यावर गावात कौतुक! "मुंबईचा पाणी मानवला रे तुला, अंग कसा धरलाय!" सुजेला लोक तब्येत समजत होते, आणि तब्येत एवढी छान असलेल्या माणसाचं दुखणं कोण ऐकून घेणार?

मग एक दिवस संस्थेत मी माझाच छापलेला लेख उघडला, पुढचं काम त्यावर उभं करायचं होतं म्हणून. पहिलं पान समजलं. दुसरं रेटून समजलं. तिसऱ्या पानावर एक ओळ होती, 'यावरून उघड आहे की'. मला काहीच उघड नव्हतं. शब्द मीच लिहिलेले, पण खालची ओळ वाचेपर्यंत वरची निसटून जायची. छप्पर डोक्यात राहतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच, पुढच्या महिन्यातही तेच. मला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

विभागप्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, "तिशी उलटली की गणितज्ञाची विहीर आटते. होतं असं. आता शिकवण्याकडे वळा." मी तेहतीस वर्षांचा होतो.

डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब ठीक, छातीचा फोटो स्वच्छ, हिमोग्लोबिन जरा कमी. "विश्रांती घ्या, अंडी खा."

मी म्हणालो, "डॉक्टर, मला माझाच लेख समजत नाही."

ते हसले. "मलाही समजणार नाही. मग मीही आजारी का?"

हे वाक्य मी आजतागायत विसरलेलो नाही. गवयाचा सूर गेला तर कुणी त्याला म्हणत नाही, मलाही गाता येत नाही, मग काय बिघडलं? माझं जे हरवलं होतं ते त्या डॉक्टरांकडे मुळात नव्हतं, म्हणून त्यांच्या लेखी ते हरवलेलंच नव्हतं.

त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. मी दोनपर्यंत उतरलो. "बुद्धी उत्तम आहे," त्यांनी सुमनला सांगितलं. "अतिअभ्यासाने मन थकलंय. डिप्रेशन." म्हणजे मनाला आलेली मरगळ. मरगळ होतीच, कोणाला आली नसती? पण त्या गोळ्यांनी मी आणखीच झोपायला लागलो. चार महिन्यांनी विजेच्या झटक्यांची गोष्ट निघाली तेव्हा सुमनने संमतीच्या कागदावर सही करायला साफ नकार दिला. "आजार सांगा, मग सही मागा," ती म्हणाली. डॉक्टरांना तिचं बोलणं उद्धट वाटलं. कागद आणि पेन्सिल माझ्यापासून दूर ठेवा, एवढा सल्ला देऊन त्यांनी हात झटकले.

सुमन महाडला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. बिनपगारी रजा घेऊन मी गावी आईकडे राहिलो, ती शनिवारी महाडहून यायची.

गावात बातमी माझ्याआधी पोचली होती. शिकून शिकून डोक्यावर परिणाम झाला. दुकानावर गेलं की कुणीतरी परीक्षा घ्यायचा. "सतरा अठ्ठावीस किती रे?" मी सांगायचो, चारशे शहात्तर. "मंग हा तर ठीक हाय! याला काय धाड भरली?" तज्ज्ञ डॉक्टर आणि दुकानावरची मंडळी, दोघांचं निदान एकच.

एकदा एसटीच्या थांब्यावर वरच्या आळीतले एक जमीनदार भेटले. माझ्याकडे वरून खाली बघत म्हणाले, "झेपेल तेवढाच शिकावा रे. सगळ्यांच्या डोक्याला सगळा झेपत नाय."

'सगळ्यांच्या' म्हणजे कुणाच्या ते थांब्यावरच्या प्रत्येकाला कळलं. माझं पित्त खवळलं, पण तोंडातून शब्द निघेना. जीभ जड, डोकं जड. त्यांना द्यायचं उत्तर मला घरी आल्यावर, जेवून उठताना सुचलं. तोवर ते महाडला पोचलेसुद्धा असतील. आजाराने माझ्याकडून गणित नेलं, त्यापेक्षा त्या दिवशी उत्तर नेलं याचा मला जास्त राग आला.

त्याहून वाईट पुढे होतं. आमच्या शेजारी सदू राहायचा. त्याची मुलगी कमळ दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि तिला महाडला सायन्सला जायचं होतं. वस्तीतली ती पहिलीच मुलगी असती. सदूने तिला घरी बसवलं. माझी आई त्याला समजवायला गेली तर तो म्हणाला, "म्हातारे, तुझ्या बाबूची दशा रोज बघतोय मी. पोरीची नको करायला."

आई परत आली ती चुलीपुढे बसून राहिली. मी शाल गुंडाळून ओटीवर बसलो होतो, मला सगळं ऐकू आलं होतं.

डोक्याबद्दल कुणी ऐकत नाही हे सुमनच्या लक्षात आलं, आणि तिने एक युक्ती काढली. ती सगळ्या रुग्णांनी लक्षात ठेवावी म्हणून सांगतो. ती म्हणाली, "डोक्याचं नावच काढायचं नाही. लेखाचं नाही, गणिताचं नाही. आवाज बसलाय एवढंच सांगायचं. तो त्यांना ऐकू येतो ना?" आम्ही मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. बाकावर सकाळपासून दुपारपर्यंत बसलो. घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं, स्वरतंतू सुजलेत म्हणाले आणि वरच्या मजल्यावर फिजिशियनकडे, म्हणजे सगळ्या शरीराचं बघणाऱ्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी जुना फोटो आहे का विचारलं. सुमनच्या पर्समध्ये आमच्या लग्नातला होता. त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीवर गुडघे टेकायला सांगितलं.

फोटो, हातोडी आणि डोळे. अडीच वर्षांत दुसऱ्या कुणाला एवढंही जमू नये?

रक्ताचा रिपोर्ट आला. टीएसएच, म्हणजे झोपलेल्या ग्रंथीला उठवण्यासाठी मेंदूने मारलेल्या हाका, प्रमाणाच्या कितीतरी पट. ग्रंथी उठायला तयार नाही आणि मेंदू ओरडतो आहे, असा त्याचा अर्थ डॉक्टरांनी समजावला. थायरॉक्सिन सुरू झालं, म्हणजे तोच रस गोळीच्या रूपात. आधी अगदी थोडं, हृदयावर ताण नको म्हणून, मग हळूहळू वाढवत.

मी गावी परतलो. पहिल्यांदा थंडी गेली. मग सूज उतरली, तर गावातले म्हणायला लागले, "वाळलास रे, काय झाला?" या लोकांपुढे मी कपाळावर हात मारून घेतला. मग आवाज सुटला. पण मी लेख उघडत नव्हतो. तो पत्र्याच्या ट्रंकेत होता आणि ट्रंक माझ्या उशाशी. गोळीने सगळं परत आणलं आणि ते तेवढं आणलं नाही तर? मग माझ्याकडे दोष द्यायला आजारसुद्धा उरला नसता.

शेवटी भात लावून झालं त्या सुमारास एका दुपारी ट्रंक उघडली. पहिलं पान. दुसरं. तिसऱ्या पानावर ती ओळ आली, 'यावरून उघड आहे की', आणि खरंच उघड होतं. इतकं उघड की मला हुंदका आला. मी थांबलो नाही. चौथं, पाचवं, सहावं. सगळी कौलं जागेवर दिसत होती, वळचणीपासून वर.

नवव्या पानावर मी अडखळलो. आजारात मी तिथपर्यंत कधी पोचलोच नव्हतो. पुन्हा वाचलं. तिथे मी एक गोष्ट गृहीत धरली होती जी नेहमीच खरी नसते. ती खोटी ठरेल असं एक उदाहरण ओटीवर बसल्या बसल्या मी कोळशाने जमिनीवर मांडलं. चूक. छापलेली, परीक्षकांनी तपासलेली, धडधाकट असताना मी स्वतः केलेली चूक, आणि इतकी वर्षं ती कुणाच्या नजरेला पडली नव्हती.

त्या चुकीचं पुढे काय झालं तेही सांगतो. मासिकाला कळवलं, त्यांनी दुरुस्ती छापली, एक जादा अट घालून प्रमेय कसंबसं उभं राहिलं. विभागप्रमुखांनी तोंड वाकडं केलं. करू दे. माझा राग अजून गेलेला नाही आणि जाऊही नये असं मला वाटतं. तुम्हाला तुमचं दुखणं कळत असेल आणि पांढऱ्या कोटातलं कुणी हसत असेल, तर तुम्हीही रागवा. उपकार मात्र मी दोन बायकांचे मानतो. एकीने सही केली नाही. दुसरी माझी आई, तिचं त्या दुपारचंच सांगतो.

मी ओटीवर मोठमोठ्याने हसत होतो. आई हातातलं सूप टाकून धावत आली. तिला वाटलं, झालं, आता हा कामातून गेला.

"काय झाला रे? हसतोस कशाला?"

"आये, चूक सापडली. माझ्या लेखात."

"कुनी काढली?"

"मीच काढली. आत्ता."

तिने जमिनीवरच्या कोळशाच्या रेघांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिने पदर खोचला आणि सरळ सदूच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सदू, भायेर ये! माझा बाबू बरा झाला. त्याला त्याची सोताची चूक गावली! सायबांनी छापलेली, कुनाला दिसली नव्हती, ती यानं हितं बसून धरली! आता कर पोरीचं नाव दाखल!"

सदू दारात आला आणि मान लांब करून आमच्या ओटीवरच्या रेघांकडे बघायला लागला. कमळ मात्र आतून पायात चपला घालूनच बाहेर आली.