घामाचे थेंब

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजीवाल्याशी झालेली घासाघीससुद्धा इत्थंभूत सांगते.

शाळांमधल्या एका पाहणीत मुलं किती धावतात-खेळतात, हे त्यांनाच विचारायचं काम होतं. मोठ्यांची प्रश्नावली तयार होती. ती मला पहिलीतल्यांना झेपेल अशी करायची होती. आता ‘गेल्या सात दिवसांत’ हे त्यांना कसं कळावं? एकाला विचारलं, काल काय खेळलास? तो म्हणाला, “उद्या सांगतो.” मग मी शब्द काढले आणि चित्रं घातली. एक मुलगा बसलेला, एक चालणारा, एक दमेपर्यंत धावणारा — गालांवर घामाचे थेंब. काल तुम्ही जे केलं ते रंगवा. स्वतःवर खूश होते मी.

विचुंब्याच्या शाळेत मुलांशी बोलायला माझी सहकारी नीलिमा होती. पोरं तिला चिकटूनच असायची. तरी धावणारा मुलगा कुणी रंगवेना. सुट्टीत तर हीच पोरं मैदान डोक्यावर घेत होती.

शेवटच्या दिवशी मी एका चिमुरडीला बाजूला घेऊन विचारलं, हा का नाही रंगवलास?

“तो रडतोय,” ती म्हणाली. “मी नाय रडत.”

मला हसू फुटलं. आणि लगेच — मी तो कागद उलटा ठेवला. चित्रं माझी होती ना.

बैठकीत साहेबांनी विचारलं, इथली मुलं धावतच नाहीत का? नीलिमा त्या दिवशी आली नव्हती. खरं सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी म्हणाले — मी असं म्हणाले, की नीलिमाला मुलांना बोलतं करणं जमत नाही.

दुसऱ्या फेरीत तिला घेतलं नाही. मी गुपचूप थेंब पुसले, गाल लाल केले. मुलांनी धावणारा मुलगा भराभर रंगवला — आणि सगळ्यांना वाटलं, माणूस बदलल्याचा फरक.

परवा पनवेलच्या बाजारात नीलिमा भेटली. द्रोणागिरीच्या एका गोदामात बिलं बघते आता. मला बघून केवढी खुलली.

“अगं, आमचे कंटेनर बरे, गप्प तरी बसतात. पोरांचं मला कधी जमलंच नाही बघ.”

ती हसली. मीही हसले.

तिला जमत होतं. माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. हे मला तेव्हा माहीत होतं — आणि परवा तिच्यासमोर हसत उभी होते, तेव्हाही.