आवाराच्या कडेकडेनं

बीडला बिंदुसरेच्या काठी रंगाऱ्यांचा जुना कारखाना होता. निजाम सरकारनं तिथं कचेरी थाटली आणि मी त्या कचेरीत कारकून म्हणून लागलो. पाणी भरणारा म्हातारा पूर्वी त्याच कारखान्यात लुगडी रंगवायचा. नदीवरनं भरलेली घागर खांद्यावर घेऊन तो भर उन्हात मोकळ्या आवाराला कडेकडेनं वळसा घालायचा. शिपाई हसायचे. मला त्याच्या हट्टाची चीडच यायची.

एकदा न राहवून ओरडलो, "कावून एवढा फेरा, बाबा? मधनं या की!"

"मधी ओली लुगडी वाळत घातलेली असायची, मालक. अजून तिथं पाय पडत न्हाई."

तेवढ्यात साहेबांची बग्गी आवाराच्या मधोमध खडखडत गेली. म्हाताऱ्यानं घागर सावरली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.