राहिलेलं लोटांगण

लादेजो पाट्या रंगवायचे. इबादानमधल्या आमच्या गल्लीत न्हाव्याच्या दुकानापासून चर्चपर्यंत सगळी अक्षरं त्यांच्या हातची. माझ्या शिवणाच्या दुकानावरची पाटीही त्यांचीच, आणि तिच्यातलं शेवटचं अक्षर फळी सोडून भिंतीवर गेलंय. मी तेव्हा त्यांना वाट्टेल ते बोलले होते, पिऊन काम करता का, इथपर्यंत. ते नुसते बघत राहिले. फळी कुठे संपते ते त्यांना दिसलंच नव्हतं.

काचबिंदू असाच येतो. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेचं दिसेनासं होतं, आणि माणसाला वाटतं, जग एवढंच आहे.

त्याच सुमारास ओगबोमोशोला त्यांच्या थोरल्या भावाच्या, ओयेडेलेंच्या मुलीचं लग्न झालं. आमच्यात थोरला भाऊ, म्हणजे एग्बोन, समोर आला की धाकट्यानं जमिनीला छाती टेकवून पालथं पडायचं. एग्बोन पाठीवर थाप मारणार, मग उठायचं. साठी उलटली तरी यातून सुटका नाही. ओयेडेले मांडवाच्या कडेला व्याह्यांशेजारी बसले होते. लादेजो त्यांच्यापासून हातभर अंतरावरून ताठ मानेनं निघून गेले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की माझ्या दारात पाय ठेवू नकोस. आपलं काय चुकलं हेच लादेजोंना कळेना, तेही फुगून बसले. वर्षभरानं उजवा डोळा गेला, डॉक्टरांनी आजार समजावून सांगितला, तेव्हा कुठे त्यांना मांडवाची ती कड आठवली. पण माफी काय फोनवर मागायची? ती जमिनीवरच मागायची असते. आज जातो, उद्या जातो म्हणत चार वर्षं गेली.

डाव्या डोळ्याचा दाब थेंबांनी आटोक्यात येईना, तेव्हा डॉक्टरांनी आत बारीक नळी बसवली, डोळ्यातलं पाणी बाहेर काढायला. त्यांनी आधीच सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकली तर टिकेल. झालं उलटंच. पाणी हवं त्याहून जास्त निघून गेलं आणि दाब इतका उतरला की डोळा पिकल्या पेरूसारखा मऊ पडला. अशा डोळ्यात जोर पडून रक्त फुटलं तर आम्ही काही करू शकणार नाही, डॉक्टर म्हणाले. वाकायचं नाही, उचलायचं नाही, डोकं कमरेखाली न्यायचं नाही.

बायको केव्हाच गेलेली, मुली पोर्ट हारकोर्टला. त्या रविवारी फोन करतात. पण फोनवरून थेंब घालता येत नाहीत. त्यांचा हात नेमका डोळा चुकवायचा आणि औषध गालावरून कानात जायचं. म्हणून दिवसातून चार वेळा ते माझ्या दुकानात येऊन मान वर करून बसायचे. मीही एकटीच. खोटं कशाला बोलू, त्या चार वेळांची मी वाट बघायचे.

एका सकाळी थेंब घालून झाले तरी ते उठले नाहीत.

"इया मोजी, उद्या ओगबोमोशोला जातो," ते म्हणाले; मोजीची आई म्हणून सगळे मला याच नावानं हाक मारतात. "हाही डोळा जायच्या आत एग्बोनचं तोंड बघायचंय."

"जा की. पण लोटांगण?"

"ते घालणारच. त्याशिवाय तो मला बस म्हणेल होय?"

"डोळा फुटला म्हणजे?"

"तोवर बघून झालेलं असेल."

मला असा राग आला की हातातली कात्री मी आपटलीच. मग थेंबांची बाटली पिशवीत टाकली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत गाडीत जाऊन बसले. त्यांनी डोळ्यावर भोकांचं पारदर्शक झाकण लावलं होतं. रस्ताभर मी त्यांना बोलत होते, ते हूं हूं करत होते.

ओयेडेले अंगणात खुर्चीवर बसले होते, तोंड थेट आमच्याकडे. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. अजून रागच आहे, मला वाटलं. बायकांच्या रीतीप्रमाणे मी गुडघे टेकले. लादेजो खाली वाकायला लागले तशी मी त्यांचा अंगरखा मुठीत घट्ट धरला.

"कोण आहे?" ओयेडेलेंनी विचारलं.

आम्ही होतो चार पावलांवर, भर उन्हात. लादेजो अर्धे वाकलेले तसेच थांबले, मग हळूच सरळ झाले.

"मी आहे, एग्बोन. लादेजो."

म्हाताऱ्यानं उजवा हात पुढे केला आणि खाली नेला, पाठीवर थाप मारायला. हात जमिनीलगत चाचपडत राहिला. तिथे पाठ नव्हती.

"कुठे आहेस?"

"उभा आहे."

"अजूनही उभाच?"

लादेजोंनी तो हात वर घेतला आणि आपल्या डोळ्यावरच्या झाकणावर ठेवला. म्हातारी बोटं एकेका भोकावरून फिरली.

"कधीपासून?"

"लग्नाच्याही आधीपासून. तुम्ही कडेला बसला होतात. मला कडेचं दिसत नव्हतं."

"ठाऊक आहे," ओयेडेले म्हणाले. "माझीही आधी कडच गेली. तेव्हाच कळलं मला, तू का तसा गेलास ते. दोन वर्षं झाली."

"मग बोलावलं का नाहीत?"

"मी थोरला ना."

आतून सुनेनं अमाला, कंदाच्या पिठाचा गरम गोळा, आणला, दोघांनी एकाच ताटात खाल्लं. चारच्या थेंबांची वेळ झाली तेव्हा धाकट्याचं डोकं थोरल्यानं धरलं आणि मी बाटली दाबली. एकही थेंब गालावर गेला नाही.

परतताना लादेजो खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी म्हटलं, चला, झालं ना मनासारखं, पाहिलंत ना भावाला.

"मी पाहिलं," ते म्हणाले. "त्याला लग्नातलाच मी दिसणार. कायमचा."