खिडकीतला हात

आमच्या घराच्या पश्चिमेकडच्या खिडकीला काच कधी बसलीच नाही. शेलूबाजारात हायवेला लागून घर, दिवसभर जीपा न् ट्रक, धूळ थेट ताटातल्या भाकरीवर. म्हणून मायनं खिडकीच्या गजांना एक्स-रेच्या जुन्या फिल्मा दोऱ्यानं शिवून टाकल्या होत्या. माझी माय बेबीताई जवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात, एक्स-रेच्या खोलीत कामाला होती. लोक फिल्मा तिथंच विसरून जायचे आणि माय त्या घरी आणायची. लोकांच्या खिडकीतून झाडं दिसतात, आमच्या खिडकीतून बरगड्या दिसायच्या.

दुपारी ऊन उतरलं की त्या फिल्मा पेटायच्या. सगळ्या लहान लेकरांच्या छात्या, कोंबडीच्या पिल्लाएवढ्या. आणि प्रत्येक लेकराच्या खांद्याशी एक मोठा हात. नुसती हाडं. कुठं दोन बोटं, कुठं तीन, पण करंगळी दिसली की ती वाकडीच दिसायची. लेकरं वेगवेगळी आणि हात एकच. मी आणि माझी धाकटी बहीण पल्लवी त्याला हडळीचा हात म्हणायचो. खालच्या ओळीत मधोमध एक फिल्म होती, तिच्यात पाचही बोटं पुरी होती. ती नेमकी माझ्या उशाशी यायची, म्हणून मी तोंडावर गोधडी ओढून निजायचो. आम्ही दंगा केला की माय म्हणायची, निजा, नाही तर ते धरीन. म्हणताना हसायची.

मायला ही नोकरी माझ्यामुळं लागली. मी सव्वा वर्षाचा असताना माझी छाती भरली होती. बाबा, म्हणजे भिवाजी, मजुरीला गेलेले, म्हणून मायनं एकटीनं मला दवाखान्यात नेलं. लहान लेकरू रडतं, हलतं, फोटो बिघडतो. एक्स-रे काढणारा फुलचंद आधीच कावलेला होता. पण मायनं मला असं धरलं की फोटो पहिल्याच झटक्यात आला. फुलचंद डॉक्टरला म्हणाला, ही बाई ठेवून घ्या. घेतली. तेव्हापासून किन्हीराजापासून धनजपर्यंतच्या गावांतली लेकरं मायच्या हाताखालून गेली. बेबीताईनं धरलं की पोट्टं हालत नाही, अशी म्हणच पडली होती. आम्हाला केवढा अभिमान!

शाळेत असताना मी तिला डबा द्यायला जायचो. मला ती जागा कधी आवडली नाही. दारावरचा लाल दिवा लागायचा. फुलचंद भिंतीआड जायचा, शिकाऊ डॉक्टर बाहेर व्हरांड्यात यायचे आणि जाड दार लागायचं. आत फक्त माय आणि रडणारं लेकरू. मग ते रडणं एकदम, कापल्यासारखं थांबायचं. बाहेर बसलेल्या बाया न सांगता उठून उभ्या राहायच्या. आत काहीतरी खट्ट वाजायचं, दार उघडायचं, आणि माय लेकराला बाहेर आणून द्यायची.

शिशाचा एक अॅप्रन होता त्या खोलीत. फुलचंदला मूळव्याध, म्हणून तो अॅप्रनची घडी करून खुर्चीवर घ्यायचा. शिकाऊ डॉक्टर दरवर्षी नवे यायचे. पोरं वाईट नव्हती, मावशी मावशी करायची. “मावशी, धरा” म्हणायची आणि बाहेर पडायची. मी एकदा एकाला विचारलं की तुम्ही काहून बाहेर येता. तो म्हणाला, आत किरणं असतात. मी म्हटलं, मग माय? तो म्हणाला, त्यांना सवय आहे.

त्यांच्यात एक उज्ज्वला नावाची होती, मायेची. तिला ड्रॉवरमध्ये एक प्लास्टिकचा बिल्ला सापडला. हा घाला मावशी, याच्यानं किरणं बाधत नाहीत, असं तिनं सांगितलं. स्वतः बापडीला तसंच वाटत होतं. मायनं तो काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला. आमच्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवशी घरातले सगळे गंडेदोरे उकिरड्यावर गेले. दोन पिढ्या घरात ताईत शिरला नाही. आणि शिरला तो असा, डॉक्टरीण बाईच्या हातून. मायची त्यावर श्रद्धा बसली. आंघोळीलाही ती तो काढत नव्हती.

पुढं मायच्या उजव्या हाताचं काहीतरी बिनसू लागलं. कातडी गुळगुळीत झाली, नखं उभी चिरली, काळी पडली. रेशनच्या मशीनवर ती अंगठा ठेवायची, तर मशीन घेईना. दुकानदार उदयसिंगनं फडक्यानं काच पुसली, दुसरं बोट लावायला सांगितलं, तिसरं लावायला सांगितलं. मशीन दर वेळी तेच सांगायचं, असं माणूस सापडत नाही. रांगेतल्या बाया हसल्या, मायही हसली. माय माझ्या शेजारी उभी होती आणि मशीन म्हणत होतं, ती नाहीच.

मग मधल्या बोटाला एक फोड आला आणि तो बरा होईना. त्याच्या शेजारच्या बोटालाही तसंच झालं. शिकाऊ डॉक्टर म्हणाले, फिनाईलनं झालं असेल. कोणी नायटा म्हणालं, कोणी ट्यूब दिली. हे बोट मायला घेऊन जाणार, अशी भीती माझ्या मनात बसली होती. काम सोड म्हणून मी तिच्याशी भांडलो. तिनं बोटाला चिंधी बांधली आणि कामावर गेली. दुपारी घरी येऊन निजली की झोपेत तिचा हात चाचपडत यायचा आणि माझं मनगट गच्च धरायचा. डोळे मिटलेले, आणि पुटपुटायची, “हालू नको बापा. झालं, झालं.”

तोवर पल्लवी एमबीबीएसला लागली होती. मी सवारीची जीप चालवणारा, बहीण डॉक्टर. मी तिला चिडवायचो, आता माझी जीप तपासताना फी घेऊ नको. तिसऱ्या वर्षाला असताना ती एक दिवस न कळवता भरदुपारी घरी आली. चपलाही न काढता दारातच मला सांगू लागली. वर्गात सरांनी विचारलं होतं, तो बिल्ला कशासाठी असतो. अख्ख्या वर्गानं सांगितलं, किरणांपासून वाचायला. सगळ्यात आधी हिनंच हात वर केला, हिच्या तर घरातच होता. सर म्हणाले, थर्मामीटर काखेत धरला म्हणून ताप उतरतो का? अंगावर किती किरणं पडली ते बिल्ला फक्त मोजतो, आणि तेही तो वेळच्या वेळी तपासणीला पाठवला तर. मग लेकराला धरायचं कोणी, तर त्याच्याच घरच्या माणसानं, किरणं अडवणारा तो शिशाचा अॅप्रन घालून, आणि हात किरणांच्या वाटेत न आणता. रोज एकाच माणसानं तर नाहीच. सरांनी पडद्यावर एक फिल्म दाखवली. लेकराची छाती आणि कडेला कुणाची तरी बोटं. वर्ग हसला, कोणी म्हणालं भूत. पल्लवीला हसू आलं नाही.

माय आत निजली होती. ऊन खिडकीवर आलं होतं आणि फिल्मा पेटल्या होत्या. पल्लवीनं तिला उठवलं, खिडकीपाशी नेलं, चिंधी सोडली आणि तिचा उजवा हात त्या मधल्या फिल्मवर ठेवला. बोटावर बोट बसलं. वाकड्या करंगळीखाली वाकडी करंगळी. मायची ती करंगळी लहानपणी बैलगाडीच्या जूखाली चेंगरली होती, हे आम्हाला कायम माहीत होतं. तरी ते हाड आणि हे बोट आम्ही कधी जोडलं नाही. खिडकीत शेकडो दुपारी तो हात होता, लेकरामागून लेकरू धरत, आणि जळत होता तो मायचा.

पल्लवीनं विचारलं, “माय, तुले मालूम होतं, हा तुया हात हाय म्हणून?”

“मंग कोनाचा राहीन?” माय म्हणाली. “लेकरं तं मीच धरत होती.”

आम्ही कधी विचारलंच नव्हतं, म्हणून तिनं सांगितलं नव्हतं. पल्लवीनं तिच्या गळ्यातला दोरा तोडला, बिल्ला मुठीत धरला आणि रडत बसली. माय तिलाच समजावत होती, लेकरांचे फोटो तर चांगले आले ना.

नागपूरला तपासलं, कॅन्सर निघाला. बोटांपुरताच होता, वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. कापण्याआधी हाताचा एक्स-रे काढला. मायनं ती फिल्म उजेडाला धरली, पुढून पाहिली, उलटून पाहिली. मग मला विचारलं, “रवी, यात लेकरू कुठी हाय?”

दोन बोटं गेली, माय राहिली. दवाखान्याची नोकरी सुटली. मी खिडकीला काच बसवायला घेतली, एकेक फिल्म दोरा कापून काढत गेलो. मधल्या फिल्मपाशी आलो तशी खाटेवरून माय म्हणाली, “ते राहू दे. ते तुई हाय.”

मला कळेना. मी वाकून पाहिलं. चौकटीखाली दबलेल्या कोपऱ्यात फुलचंदच्या अक्षरात माझं नाव होतं. ज्या लेकराला हडळीनं धरलं म्हणून मी आयुष्यभर भ्यालो, ते मीच होतो.

आता खिडकीला काच आहे आणि काचेत तेवढी एक फिल्म आहे. मायचा हात पुरा असा आता तिथंच आहे. दुपारी ती निजते, मी जीप उभी करून तिच्या खाटेशी बसतो. झोपेत तिचा तो अर्धा हात चाचपडत येतो आणि माझं मनगट धरतो. पकड अजून तशीच आहे, मला पाचही बोटं लागतात. ती पुटपुटते, “हालू नको बापा.” बाहेर सवारी हॉर्न वाजवत असते. मी हलत नाही.